पाणी उतरल्यावरचा हिशेब

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थंबरलँडमध्ये, लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. होली आयलंड हे त्याचं दुसरं नाव. ओहोटीला ते मुख्य भूमीला जोडलेलं असतं आणि भरती आली की सुटं होतं. हे दिवसातून दोनदा घडतं. ६३५ साली सेंट एडन यांनी इथे मठ स्थापला, ७९३ साली व्हायकिंगांनी तो लुटला. आज गावात जेमतेम दीडशेच्या आसपास माणसं राहतात. भोवतालचे चिखलपट्टे, वाळूची टेकाडं आणि खाजणं १९६४ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात येतात.

मी मूळची रत्नागिरीची. नोकरीमुळे इकडे आले आणि इथेच शिडाच्या बोटीवर जायला लागले. आम्हा दोघी मैत्रिणींची मिळून एक नऊ मीटरची बोट आहे. उन्हाळ्यात आमच्या बहुतेक सफरी या बेटाकडेच होतात. तिथे नांगर टाकून राहताना जे उमगत गेलं ते नव्याने बोट शिकणाऱ्यांसाठी लिहिते आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जी शिस्त बोट सांभाळते, तीच बेटही सांभाळते. ही दोन कामं वेगळी नाहीत.

१. पंचांग आधी, हवामान नंतर

आमच्या आजोबांच्या पिढीला भरतीची वेळ सांगायला घड्याळसुद्धा लागत नसे. तिथीला पाऊणने गुणायचं: अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. कोकण किनाऱ्यासाठी हा हिशेब अजूनही चालतो. लिंडिसफार्नला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ तिथल्या समुद्राच्या आकारावर ठरते. इथे पौर्णिमा-अमावास्येला भरती येते ती उन्हाळी घड्याळाने साडेतीनच्या आसपास, दुपारी आणि पहाटे. पण आजोबांच्या हिशेबाचा गाभा इथेही तोच आहे: भरती रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि पाण्याचा जोर चंद्राच्या कलेवर ठरतो.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचे दिवस निवडावेत, म्हणजे अष्टमीच्या पुढचे एक-दोन दिवस. उधाणाला इथे भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भांगाला तो जवळजवळ निम्म्यावर येतो. पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि प्रवाहही सौम्य असतो. तारीख ठरली की मगच वाऱ्याचा अंदाज पाहावा. वारा अनुकूल आहे म्हणून उधाणाच्या दिवशी निघायची घाई करू नये. वारा दोन दिवसांत बदलतो, उधाण ठरल्या दिवशी येतंच.

२. दगडी मनोऱ्यांवर विश्वास ठेवा

बंदराच्या तोंडाशी वाळूचा उथळ बांध आहे. बाहेर पूर्वेकडची लाट असेल तर तिथे पाणी फुटतं, आणि ओहोटीचा प्रवाह त्या लाटेवर आदळला की परिस्थिती आणखी बिघडते. म्हणून आत शिरायची वेळ म्हणजे चढत्या पाण्याचा उत्तरार्ध. तेव्हा बांधावर पाणी पुरेसं असतं आणि बूड टेकलंच तरी पुढचं पाणी आपल्याला उचलणारं असतं.

आत जायची वाट दाखवायला समोरच्या ओल्ड लॉ या वाळूच्या टोकावर एकोणिसाव्या शतकात बांधलेले दोन उंच दगडी मनोरे उभे आहेत. ते एकामागे एक दिसेपर्यंत बोट आणायची, आणि ती रेघ न सोडता साधारण २६० अंशांवर पश्चिमेला जायचं. पुढे बेटावरच्या ह्यू नावाच्या खडकाळ कड्यावरची खूण आणि सेंट मेरी चर्चचं घंटाघर एका रेषेत येतात. तिथून वळून साधारण ३१० अंश धरायचे. वाळू दर हिवाळ्यात सरकते, इलेक्ट्रॉनिक नकाशातला आकडा मात्र जुन्या मोजणीचा असतो. स्क्रीन जवळ ठेवावी, पण डोळे मनोऱ्यांवर आणि कान खोली सांगणाऱ्या मैत्रिणीकडे. एकीने सुकाणू धरायचं, दुसरीने खोली मोठ्याने वाचायची, असा आमचा नियम आहे.

३. आत्ता किती खोल आहे, हा प्रश्न अपुरा आहे

आपण येतो ते बहुतेकदा भरल्या पाण्यात. खोली पुरेशी दिसते, जागा प्रशस्त वाटते. पण नांगर टाकायचा असतो तो सहा तासांनंतरच्या पाण्यासाठी. दर वेळी मी वहीत पुढचा हिशेब मांडते.

समजा, आत्ता भरतीच्या कोष्टकानुसार पाण्याची उंची ४ मीटर आहे आणि येणाऱ्या ओहोटीला ती ०.६ मीटर होणार आहे. म्हणजे पाणी ३.४ मीटर उतरणार. आमची बोट पाण्याखाली १.५ मीटर जाते. बुडाखाली १ मीटर राखीव पाणी हवं. तिन्ही आकड्यांची बेरीज ५.९ मीटर. म्हणजे या क्षणी ५.९ मीटरहून कमी खोली दिसली तर तिथे नांगर टाकायचा नाही, मग ती जागा कितीही देखणी असो.

खोली मोजणारं यंत्र कुठून मोजतं, पाण्याच्या पृष्ठापासून की बुडापासून, हे त्याआधी पक्कं माहीत हवं. दुसऱ्याच्या बोटीवर गेलात तर हा प्रश्न पहिला विचारा. दीड मीटरचा फरक तिथेच लपलेला असतो.

४. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही

सहा तासांच्या ओहोटीत पाणी पहिल्या तासात एकूण उताराच्या बाराव्या भागाइतकं उतरतं, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाला ४.२ मीटरचा उतार धरला तर पहिल्या तासात फक्त ३५ सेंटिमीटर जातात. पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून २.१ मीटर.

नवखे बहुतेक वेळा पहिला तास पाहून निश्चिंत होतात आणि गावात फिरायला जातात. लक्ष ठेवायचे तास असतात ते मधले. याच दोन तासांत साखळीवर ताण सर्वांत जास्त येतो आणि वाळूचे दांडे भराभर वर येतात. आमच्यापैकी एक तेवढा वेळ बोटीवर थांबतेच. एरवी न दिसणारा सगळा तळ त्या दोन तासांत डोळ्यांसमोर उघडा होतो. कुठे वाळू आहे, कुठे दगड, कुठे गवत, हे तेव्हा नकाशावर खुणा करून ठेवलं की पुढच्या सफरीला त्याच्याइतकं मोलाचं काही नाही.

५. साखळी सोडताना हात आखडू नये

नांगर स्वतःच्या वजनाने बोट धरतो, असं पुष्कळांना वाटतं. खरं काम तळावर आडवी पडलेली साखळी करते. ती आडवी राहिली की ओढ आडवी लागते आणि नांगराचं टोक वाळूत रुततं; साखळी उभी झाली की टोक उपटलं जातं.

साखळीचा हिशेब भरतीच्या खोलीवर करायचा. वरच्याच उदाहरणात पुढच्या भरतीला पाणी ४.८ मीटरपर्यंत चढणार असेल तर तिथली खोली ६.७ मीटर होईल. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर उंच. एकूण ७.७. शांत हवेत त्याच्या चौपट, म्हणजे ३१ मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर आणखी. मग इंजिन हळूहळू मागे चालवून नांगर रुतवायचा, आणि किनाऱ्यावरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत धरून बोट सरकत नाही याची खात्री करायची. तळ वाळू आणि चिखलाचा असल्याने नीट रुतवलेला नांगर धरतो.

लांब साखळी बेटाच्याही हिताची आहे. आखूड साखळीवरचा नांगर घसरतो, आणि घसरताना तळ उकरत जातो. पुन्हा टाकला की पुन्हा उकरतो.

६. इथे हुकूम प्रवाहाचा

उघड्या समुद्रकिनाऱ्यावर नांगरलेली बोट वाऱ्याकडे तोंड करते. लिंडिसफार्नच्या बंदरात ती प्रवाहाकडे तोंड करते. फेनम फ्लॅट्स नावाच्या अफाट पाणथळ चिखलपट्ट्यावर पसरलेलं पाणी ओहोटीला बेट आणि समोरचा गाइल पॉइंट यांच्यामधल्या अरुंद वाटेने बाहेर पडतं, त्यामुळे प्रवाहाला इतका जोर असतो.

प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा बदलतो. प्रत्येक बदलाला बोट फिरते आणि नांगरावरची ओढ उलटी होते. नांगर उपटला जाण्याची शक्यता असते ती याच वेळी, म्हणून पहिला पालट जागेपणी पाहावा. रात्री पालट असेल तर गजर लावून उठावं. वारा आणि प्रवाह एकमेकांविरुद्ध असले की बोट साखळीवरून आडवी-तिडवी फिरते. अशा वेळी शेजारच्या बोटीपासून जितकं अंतर पुरेसं वाटतं, त्याच्या दुप्पट ठेवावं. मासेमारीच्या बोटींच्या कायमच्या बोयांपासून तर आधीच दूर राहावं. त्यांची ती रोजीरोटीची जागा आहे, आपण दोन दिवसांचे पाहुणे.

७. तळाशी काय उगवतं ते ठाऊक हवं

फेनम फ्लॅट्सवर सागरी गवताची कुरणं आहेत. ओहोटीला ती चिखलावर हिरव्या-करड्या थरासारखी पसरलेली दिसतात. शेवाळ समजून बघणारा पुढे जातो. पण ही मुळं, पानं, फुलं असलेली वनस्पती आहे. तिच्या आडव्या मुळांनी चिखल बांधून ठेवला आहे.

हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या स्वालबार्डहून फिकट पोटाचे ब्रेंट हंस येतात, ते मुख्यतः हे गवत खायला. स्वालबार्डच्या या हंसांचं ब्रिटनमधलं नियमित हिवाळी मुक्कामाचं प्रमुख ठिकाण हेच. बाकीचे बहुतेक डेन्मार्कमध्ये राहतात. इतक्या लांबून येणाऱ्या पक्ष्यांसाठी इथलं प्रत्येक कुरण महत्त्वाचं आहे.

इंग्लंडमध्ये दोन कण्यांच्या पुष्कळ बोटी असतात. ओहोटीला त्या सरळ जमिनीवर बसू शकतात आणि भरतीला पुन्हा तरंगतात. अशा बोटीला फेनम फ्लॅट्सचा मोह पडतो: उथळ, शांत, लाटांपासून सुरक्षित. पण कित्येक टनांची बोट गवतावर बसली की खालचं सगळं चेपतं. नांगरलेल्या बोटीच्या साखळीचं नुकसान आणखी वेगळं. प्रवाह पालटला की साखळी तळावर घासत गोल फिरते आणि त्या वर्तुळातलं गवत मुळासकट निघतं. दक्षिणेकडे डॉर्सेटमधल्या स्टडलंड उपसागरात समुद्रघोडे राहतात त्या गवतात हेच झालं. तिथे २०२१ च्या अखेरीस नांगर न टाकण्याचं स्वेच्छा क्षेत्र ठरवण्यात आलं, आणि तळाला साखळी घासू न देणारे लवचीक दोरांचे बोये बसवले गेले.

आमचा नियम सोपा आहे: खोल वाहत्या पात्रातल्या स्वच्छ वाळूवरच नांगर. योगायोग नाही, तर निसर्गाचा न्याय म्हणा, नांगर सर्वांत चांगला रुततोही तिथेच. गवताच्या मुळांच्या जाळ्यात त्याचं टोक नीट शिरत नाही, वरवर अडकतं आणि वाऱ्याचा झोत आला की गवत घेऊन सुटतं. बोटीसाठी वाईट जागा आणि बेटासाठी वाईट जागा पुन्हा एकच निघाली.

८. मोकळी वाळू मोकळी नसते

ओल्ड लॉच्या आसपास वाळू आणि शंखशिंपल्यांचा पट्टा आहे. दुरून तो रिकामा दिसतो. मे ते ऑगस्ट या काळात तिथे छोटे सुरय अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची. माणूस त्यावर पाय देऊन पुढे जाईल आणि त्याला कळणारही नाही. पाय पडला नाही तरी नुकसान होतं. पक्षी उडून जातात, अंडी थंड पडतात किंवा कुरव ती पळवतात. त्या दिवसांत राखणदार तिथे मुक्कामाला असतात, दोर आणि पाट्या लावतात. पाटी दिसली की प्रश्न न विचारता वळावं. पाटी दिसत नसली तरी त्या महिन्यांत डिंगी, म्हणजे काठावर जायची छोटी होडी, तिथल्या वाळूला लावूच नये.

सीलांचंही तसंच. ओहोटीला शेकडो करडे सील वाळूच्या दांड्यावर पहुडतात, आणि त्यांचा लांबलचक सूर बंदरात ऐकू येतो. जवळ जायची इच्छा होणं स्वाभाविक आहे. पण सीलने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. कळप एकदम पाण्यात धावला की त्यांची विश्रांती मोडते, पिल्लं तुडवली जातात. आम्ही १०० मीटरच्या आत जात नाही, दुर्बिणीतून पाहतो. स्थिर नांगरलेल्या बोटीची त्यांना सवय होते आणि कधीकधी तेच पोहत येऊन बोटीभोवती फिरतात. ड्रोन, मोठं संगीत, रात्रभर जळणारे डेकवरचे दिवे यांना इथे थारा देऊ नये. नांगराचा एक पांढरा दिवा मात्र हवाच. तो कायद्याने आणि सुरक्षेसाठी आवश्यक आहे.

९. रस्ता बुडतो तेव्हा गाव भेटतं

मुख्य भूमीवरून बेटावर येणारा डांबरी रस्ता १९५४ साली झाला. प्रत्येक भरतीला तो काही तास पाण्याखाली जातो. वेळापत्रक दोन्ही टोकांना लावलेलं असतं. तरी दर वर्षी गाड्या अडकतात. अडकलेल्या माणसांसाठी वाटेत खांबांवर उभारलेली एक लाकडी खोली आहे.

बोटीने येणाऱ्याचं वेळापत्रक बरोबर उलटं. रस्ता बंद तेव्हा बंदरात भरपूर पाणी. दिवसभरासाठी आलेले पर्यटक परतलेले असतात, मठाच्या लाल दगडी कमानींपाशी गर्दी नसते, किनाऱ्यावर पालथ्या घालून कोठारं केलेल्या जुन्या हेरिंग बोटींजवळ कुणीतरी जाळं दुरुस्त करत असतं. अशा वेळी थांबून विचारावं: या वर्षी वाळू कुठे सरकली? कुठल्या बोयाजवळ जागा आहे? जाणकार कोळ्याच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात मला छापील मार्गदर्शिकेतल्या पानांपेक्षा जास्त मिळालं आहे.

डिंगीबाबत एक सावधगिरी. ती द ऊझ नावाच्या छोट्या खाडीत लावतात, किल्ला आणि ह्यू यांच्यामध्ये. ओहोटीला ही खाडी कोरडी पडते. दोन तास उशीर झाला तर डिंगी आणि पाणी यांच्यामध्ये चिखल उरतो. प्रवाहाचा जोर असताना वल्ही मारून बोटीपर्यंत पोहोचणंही कठीण, चुकलं तर पाणी समुद्राकडे नेतं. लाइफ जॅकेट, जलरोधक पिशवीत रेडिओ, आणि परतीची वेळ उतरताना ठरलेली, या तीन गोष्टींशिवाय आम्ही काठावर जात नाही. कचरा तर अर्थातच सगळा परत बोटीवर. बेटावरचा प्रत्येक डबा, प्रत्येक पिशवी त्याच बुडणाऱ्या रस्त्याने बाहेर न्यावी लागते.

१०. न थांबण्याचा पर्याय घरून घेऊन निघा

पूर्वेचा वारा, ईशान्येची लाट, किंवा बंदरात आधीच झालेली दाटी: यांपैकी काहीही असलं तर आत शिरायचं नाही. हा निर्णय बांधाशी पोहोचल्यावर घेणं अवघड जातं, कारण तोपर्यंत माणूस दमलेला असतो आणि बेट समोर दिसत असतं. म्हणून पर्याय निघण्याआधीच लिहून ठेवावेत. पश्चिमेचा वारा असेल तर बंदराबाहेरचा स्केट रोड हा जुना नांगरतळ आहे. हवा बिघडणार असेल तर दक्षिणेला अँबल किंवा उत्तरेला आयमथ गाठता येतं, अर्थात तिथल्याही भरतीच्या वेळा पाहून. जवळच्या फार्न बेटांवर जायचं तर उतरण्याचे नियम आधी तपासावेत. २०२२ मध्ये बर्ड फ्लूच्या साथीत तिथे उतरणं बंद करावं लागलं होतं. संरक्षित जागांचे नियम हंगामाप्रमाणे आणि पक्ष्यांच्या प्रकृतीप्रमाणे बदलतात.

११. हे कोकणालाही लागू आहे

मालवणला सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. म्हणजे भरती-ओहोटीची बेटं, संरक्षित तळ आणि पर्यटकांच्या बोटी हे सगळं आपल्याकडेही एकत्र आहे. प्रवाळावर पडलेला एक नांगर क्षणात जे मोडतो ते वाढायला कित्येक वर्षं गेलेली असतात.

आपल्या तांडेलांना पाण्याचं ज्ञान शिकवायची गरज नाही. उधाण-भांग त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्यांना हव्यात साध्या सोयी: प्रवाळापासून दूर, वाळूवर पक्के बसवलेले कायमचे बोये, म्हणजे प्रत्येक फेरीला नांगर टाकावाच लागणार नाही, तळाचे खरे नकाशे, आणि हे नियम ठरवताना त्यांचं मत. स्टडलंडमध्ये हे करता आलं तर मालवणमध्येही करता येईल. पर्यटकाने एवढं करावं: बोटीत बसण्यापूर्वी नांगर कुठे टाकणार, हा प्रश्न तांडेलाला आदराने विचारावा. असे प्रश्न वाढले की बोये बसवण्याची मागणीही वाढेल, आणि जो तांडेल आधीपासून वाळू शोधून नांगर टाकतो त्याच्या कसबाला किंमत येईल.